फाइलच्या नावातच तारीख हवी

महाराष्ट्र शासनाचा कोणताही अलीकडचा शासन निर्णय उघडा आणि शेवटचा परिच्छेद पाहा. हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे, अशा अर्थाचे एक ठरावीक वाक्य तिथे असते. संकेतांकाचा तो लांबलचक आकडा सहसा कुणी वाचत नाही. पण त्याचे पहिले आठ अंक म्हणजे चक्क तारीख असते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तिच्यामागे वेळ आणि अगदी शेवटी विभागाचा क्रमांक. संकेतस्थळावरून निर्णय उतरवून घेतला, तर फाइलचे नावही हाच आकडा असते. म्हणजे फाइलच्या नावात तारीख घालण्याचे काम मंत्रालयाने केव्हाच यंत्राकडे सोपवले आहे. हाच निर्णय वसई तालुक्यातल्या नंदाखालच्या एखाद्या व्हॉट्सॲप गटात पोचेपर्यंत मात्र त्याचे नाव 'नवीन जीआर', 'जीआर फायनल' किंवा 'महत्त्वाचे वाचा' झालेले असते. यंत्राने लावलेली तारीख माणसाने सोयीसाठी पुसलेली असते आणि मग तो निर्णय कालचा की चार वर्षांपूर्वीचा, यावर गटात वाद सुरू होतो. माझे म्हणणे साधे आहे. कार्यालय, पतपेढी, गृहनिर्माण सोसायटी, शाळा, चर्च, देऊळ, जिथे जिथे कागद स्कॅन होऊन संगणकात जातो, तिथे प्रत्येक फाइलच्या नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख असली पाहिजे. आणि ती लिहिण्याचे काम कारकुनाच्या लहरीवर न सोडता एका लहानशा बॅच स्क्रिप्टकडे दिले पाहिजे.

मागणी क्षुल्लक वाटेल. पण वसई-विरारच्या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कागदांवरचे मथळे किती वेळा बदलले, हे आठवले की तिचे वजन कळते. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ मध्ये त्यातली २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली आणि तो वाद पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात आणि मंत्रालयात फिरत राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्यामुळे एकाच वाडीतल्या एकाच घराची घरपट्टी, रहिवासी दाखला आणि सातबारा वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या नावांखाली निघालेले असतात. जन्मनोंदणी सर्रास होण्याआधी जन्मलेल्या इथल्या कितीतरी ख्रिस्ती वृद्धांना वयाचा पुरावा म्हणून चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवर विसंबावे लागते. नंदाखालचे पवित्र आत्म्याचे चर्च तर सोळाव्या शतकातले आहे. असे कागद आता घरोघरी स्कॅन होतात, पेनड्राइव्हवर जातात, परदेशातल्या मुलांना पाठवले जातात. 'दाखला', 'दाखला नवीन', 'दाखला नवीन २' अशा नावांच्या तीन फाइलींपैकी पहिली कोणती, हे शोधायला प्रत्येक उघडून 'जि. ठाणे' छापले आहे की 'जि. पालघर' हे पाहावे लागत असेल, तर आपण कागद संगणकात आणला खरा, पण त्याची ओळख मागेच ठेवून आलो.

तारीख हरवलेल्या कागदाची किंमत किती मोजावी लागते, हे मराठी इतिहास संशोधनाने पुरते अनुभवले आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निवडून छापले गेले. त्यातल्या असंख्य पत्रांवर महिना आणि तिथी आहे, किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र आहे, पण साल नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते साल ठाऊक होते, म्हणून लिहिण्याची गरज वाटली नाही. दोनशे वर्षांनंतरच्या संपादकाला मात्र जंत्र्या उघडून, मजकुरातल्या माणसांवरून आणि स्वाऱ्यांवरून ते साल तर्काने बसवावे लागले. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचे उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. जेधे शकावलीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी पुढे आणली, त्यावर संशोधकांचे पिढ्यान्पिढ्या वाद झाले, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य शासनाने अधिकृतपणे स्वीकारायला एकविसावे शतक उजाडावे लागले. तीही जुन्या, ज्युलियन कालगणनेची. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च येतो.

वसईचा स्वतःचा दाखला याहून बोलका आहे. चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली तो दिवस नव्या कालगणनेने १६ मे १७३९. पोर्तुगीजांनी ही गणना १५८२ मध्येच स्वीकारली होती. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या गणनेला चिकटून होते. त्यांच्या हिशेबी तोच दिवस ५ मे ठरतो. आठवड्याने किल्ला प्रत्यक्ष ताब्यात आला, तो दिवस एका गणनेने २३ मे आणि दुसरीने १२ मे. म्हणून एकाच विजयाच्या चार तारखा पुस्तकांतून फिरत राहतात आणि प्रत्येक तारीख कोणत्या तरी हिशेबाने बरोबर असते. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तारीख कागदासोबतच राहिली पाहिजे. दुसरी, ती कोणत्या पद्धतीने लिहिली आहे याबद्दल संशय राहता कामा नये. फाइलच्या नावाला याच दोन कसोट्या लागू होतात.

यावर पहिला आक्षेप संगणकाची बरी माहिती असलेल्यांकडून येतो. फाइलची तारीख संगणक स्वतःच ठेवतो, मग नावात पुन्हा कशाला? संगणक तारीख ठेवतो हे खरे, आणि ती विलक्षण काटेकोरपणे ठेवतो. विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था १ जानेवारी १६०१ पासूनचा काळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मोजते. पण ही नोंद फाइलच्या आत नसते. ती ज्या डिस्कवर फाइल आहे त्या डिस्कच्या वहीत असते. फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवली की 'निर्मिती'ची तारीख उतरवल्याच्या दिवसाची होते, आणि 'बदल'ची तारीख जुनीच राहते. त्यामुळे फाइल जन्मण्याआधीच तिच्यात बदल झाला होता, असा विनोदी निष्कर्ष संगणकाच्या पडद्यावर दिसतो. ईमेलने किंवा व्हॉट्सॲपने आलेली फाइल उतरवून घेतली, तर बहुधा उतरवून घेण्याचा दिवसच तिचा जन्मदिवस ठरतो. कुणी नुसती उघडून चुकून 'सेव्ह' केली, तरी बदलाची तारीख पुढे सरकते. स्कॅन केलेल्या १९८५ च्या खरेदीखताला संगणक कधीही १९८५ म्हणणार नाही. नाव मात्र फाइलीबरोबर प्रवास करते. पेनड्राइव्ह, ईमेल, क्लाउड, सगळीकडे टिकणारी ओळख म्हणजे नाव. म्हणून तारखेची जागा नावात आहे.

दुसरा आक्षेप क्रमाचा. आपण दिवस-महिना-वर्ष लिहितो, बँकेच्या चेकवरही तोच क्रम असतो. मग वर्ष आधी लिहिण्याची ही परकी सवय कशासाठी? पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. संगणक फाइलींची यादी नावाच्या डाव्या टोकापासून लावतो. दिवस आधी लिहिला तर ५ मार्च २०२४ ची फाइल, ५ नोव्हेंबर २०१९ ची फाइल आणि ६ जानेवारी २०२३ ची फाइल एकापाठोपाठ बसतात. यादी लागते, पण काळाचा क्रम मोडतो. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला आणि महिना-दिवस नेहमी दोन अंकी लिहिले, तर नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. शिवाय ०५-०३-२०२४ हे अमेरिकेतल्या भाच्याला ३ मे वाटू शकते. २०२४-०३-०५ बद्दल तसा घोळ होत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ या मानकात हाच क्रम ठरवला. आणि परकेपणाचे म्हणाल, तर वर्षापासून सुरुवात करणे आपल्याला मुळीच नवे नाही. शिवकालीन पत्रांवरचा राज्याभिषेक शक पाहा: आधी शक, मग संवत्सर, मग महिना, पक्ष, तिथी आणि वार. मोठ्या कालखंडातून लहान कालखंडात उतरण्याची ही रीत आपल्या दफ्तरांची होती, पूजेच्या संकल्पातही ती आहे. इथे आकडे देवनागरीत छापले आहेत. स्क्रिप्ट ते इंग्रजी अंकांत लिहील, एवढाच फरक.

आता स्क्रिप्टकडे वळू, कारण सगळा मुद्दा इथे ठरतो. नावात तारीख घाला असे परिपत्रक काढणे सोपे आहे. पण हाताने लिहायचे ठरवले की एक जण ठिपके देतो, दुसरा आडव्या रेघा, तिसरा 'मार्च २४' लिहितो, चौथा विसरतो. महिन्याभरात शिस्तीचा बोजवारा उडतो. बॅच फाइल म्हणजे विंडोजला एकामागून एक द्यायच्या आज्ञांची साधी मजकूर-फाइल. ती डेस्कटॉपवर ठेवायची. स्कॅन केलेली फाइल ओढून तिच्या चिन्हावर सोडली की आजची तारीख पुढे लावून नाव बदलून मिळते. यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. मात्र ही युक्ती जितकी सोपी दिसते तितकी बिनधोक नाही, आणि हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. बॅच फाइलला मिळणारी तारीख त्या संगणकाच्या प्रादेशिक मांडणीप्रमाणे येते. भारताची मांडणी असेल तर दिवस आधी. अमेरिकेची असेल तर वाराचे नाव, मग महिना, आणि मध्ये तिरक्या रेघा. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, त्यामुळे स्क्रिप्ट तिथेच अडखळते. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून तारखेतले सहावे, सातवे अक्षर मोजून तुकडे कापतात. एका संगणकावर ते बरोबर चालते आणि शेजारच्या टेबलावर वर्षाच्या जागी भलतेच काही येते. डब्ल्यूएमआयसी नावाच्या साधनाचा जुना आधार होता. तो मायक्रोसॉफ्टने आता काढून घ्यायला सुरुवात केली आहे.

भरवशाचा मार्ग एवढाच, की बॅच फाइलने संगणकाच्या मांडणीवर न विसंबता पॉवरशेलला ठरावीक साच्यातली तारीख मागावी. तिथेही एक खड्डा आहे. साच्यात महिन्यासाठी मोठ्या लिपीतला 'एम' लिहावा लागतो. लहान लिपीतला लिहिला तर महिन्याऐवजी मिनिटे येतात. दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी चालवलेली अशी स्क्रिप्ट मार्चमधल्या फाइलला जुलैची करून टाकते आणि नाव दिसायला अगदी बरोबर दिसते. संगणकाचे घड्याळ चुकले असेल तर तीच गत. म्हणून स्क्रिप्ट एकदाच, जाणत्या माणसाकडून, सर्वांसाठी लिहून घ्यावी. ज्या नावाला आधीच तारीख आहे त्याला ती पुन्हा लावू नये अशी तपासणी तिच्यात असावी. आणि मूळ फाइल तशीच ठेवून तिची नव्या नावाची प्रत बनवावी. यंत्र चूक करते तेव्हा सगळीकडे एकसारखी करते, हे खरे. पण एकसारखी चूक सापडते आणि एकदाच दुरुस्त होते. चाळीस कारकुनांच्या चाळीस तऱ्हा कधीच सापडत नाहीत.

यापेक्षा खोल आक्षेप असा की स्क्रिप्ट लावते ती आजची तारीख, आणि आजची तारीख म्हणजे कागदाची तारीख नव्हे. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पाहा. त्याच्या नावात तारीख असते, तीही वर्ष आधी धरून. पण तीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचा फोटो आज कुणी पाठवला, तर नावावर आजचाच दिवस येतो. शासन निर्णयाचा संकेतांक आणि निर्णयावरची तारीख यांतही फरक पडू शकतो, कारण एक यंत्रात नोंद झाल्याची आणि दुसरी निर्णयाची. हा आक्षेप खरा आहे, पण तो तारखेविरुद्ध जात नाही. कोणती तारीख, हे आधी ठरवा, एवढेच तो सांगतो. आपली सरकारी कार्यालये हा फरक पिढ्यान्पिढ्या पाळत आली आहेत. आलेल्या पत्रावर लिहिणाऱ्याची तारीख असते आणि आवक विभाग आपल्या शिक्क्याने मिळाल्याची तारीख वेगळी उमटवतो. स्क्रिप्टची तारीख म्हणजे हा आवक शिक्का. सभेचे इतिवृत्त, रोजचा बॅकअप, मिळालेला अर्ज, आज काढलेला सातबारा, यांना ती पुरते, कारण इथे नोंदीचा दिवस हाच महत्त्वाचा. जुने खरेदीखत किंवा बाप्तिस्म्याची नोंद असेल, तर स्क्रिप्टने थांबून कागदावरची तारीख विचारावी आणि माणसाने दिलेले उत्तर त्याच साच्यात बसवावे. दोन ओळींची भर आहे ती.

क्लाउडवर प्रत्येक बदलाचा इतिहास आपोआप राहतो, मग ही जुनाट बॅच फाइल कशाला, असेही विचारले जाईल. तो इतिहास त्या खात्यात लॉगिन करणाऱ्यापुरता असतो. तिथून उतरवून तहसील कचेरीत किंवा वकिलाकडे पाठवलेल्या प्रतीबरोबर तो जात नाही. खाते बंद झाले की तिथलाही जातो. नावातली तारीख कुणीही बदलू शकतो, तो पुरावा कसा, हाही प्रश्न रास्त आहे. तो पुरावा नाहीच. पुराव्यासाठी डिजिटल स्वाक्षरी आहे आणि डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे राज्यात काही वर्षांपासून मिळतही आहेत. नावातली तारीख शोधण्यासाठी आहे. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी पुस्तक खरे की खोटे ते सांगत नाही, पण तिच्याशिवाय पुस्तक हाती लागत नाही. नावे लांबतात, ही तक्रारही फार टिकत नाही. तारखेला आडव्या रेघांसकट दहा अक्षरे लागतात. आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरोखर' या शेपट्या गळाल्या की एकूण नाव आखूडच होते.

खरा प्रश्न इच्छेचा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवण्याचे बंधन घातले आहे. अर्ज आल्यावर उत्तरासाठी ३० दिवस दिले आहेत. ज्या कार्यालयाच्या संगणकात शेकडो फाइली 'स्कॅन००१' आणि 'डॉक्युमेंट१' या नावांनी पडून आहेत, ते कार्यालय या कलमाचे पालन करते असे म्हणवत नाही. आराखड्यावर किंवा अधिसूचनेवर हरकती घ्यायच्या असतात तेव्हा मुदत मोजली जाते ती प्रसिद्धीच्या दिवसापासून. नागरिकाच्या हाती आलेल्या पीडीएफला तारीखच नसेल, तर मुदत संपली हे त्याला मुदत संपल्यावरच कळते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली 'हरित वसई'ची चळवळ जमीन आणि पाणी यांसाठी होती. तशी चळवळ आज करायची झाली तर ती सरकारी कागदांवर, त्यांच्या तारखांवर आणि त्यांच्या क्रमावर उभी राहील. तारखेचे भान हे नागरिकाचे हत्यार आहे, आणि ते बोथट राहिले तर फायदा कुणाचा होतो हे वसईकरांना सांगायला नको.

म्हणून महानगरपालिकेने, तहसील कार्यालयाने आणि धर्मप्रांतापासून पतपेढीपर्यंतच्या संस्थांनी तीन गोष्टी कराव्यात. फाइलच्या नावाचा एकच साचा ठरवणारे अर्ध्या पानाचे परिपत्रक काढावे. तपासलेली एकच स्क्रिप्ट सगळ्या संगणकांवर बसवावी. संकेतस्थळावर टाकलेल्या प्रत्येक पीडीएफच्या नावात प्रसिद्धीची तारीख असल्याशिवाय ती वर चढवू नये. मंत्रालयाच्या संकेतांकात जे रोज घडते, ते विरारच्या कार्यालयात न घडण्याला तांत्रिक कारण कोणतेही नाही. तोवर वाचकांनी निदान एक करावे: पुढचा शासकीय कागद गटात पाठवण्याआधी त्याचे मूळ नाव पुसू नका, बदलायचेच असेल तर सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस लिहा आणि मगच पाठवा.